रोमकरांची रीत

जयपूरच्या बनी पार्कातल्या त्या घरात उन्हाळ्याची दुपार संपतच नसे. बाहेर रस्ता पांढराफटक पडलेला, गच्चीवर एखादा मोर पाय ओढत सावली शोधतोय, आणि मधूनच स्टेशनाकडून इंजिनाची लांब शिट्टी यायची आणि आमच्या अंगणात विरून जायची. खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते. त्यांच्यावर पाणी मारायचं काम माझं. पाणी पडलं की ओल्या मुळांचा असा काही वास घरभर सुटे, की आपण जागे आहोत की झोपेत, हे आपलं आपल्यालाच कळू नये. त्या हिरवट अंधारात, वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन, बनियनवर बसलेले बाबा आम्हाला रोमची गोष्ट सांगत. आजही कुठे वाळ्याचा वास आला, की मला आधी रोम आठवतं आणि मग जयपूर. रोम मी पाहिलेलं नाही. मुलगा तिकीट काढून द्यायला तयार आहे, पण मीच टाळते. तिथे वाळ्याचा वास येत नसणार, एवढं मला नक्की ठाऊक आहे.

आम्ही नागपूरचे. बाबा विमा कंपनीत अधिकारी, बदलीवर जयपूरला आलेले. येताना त्यांनी संसारातलं बरंच काही मागे ठेवलं, पण एक लाल कापडी बांधणीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मात्र ट्रंकेत तळाशी घालून आणलं. ते त्यांना त्यांच्या थोरल्या भावानं, अण्णाकाकांनी दिलेलं. अण्णाकाका नागपुरात शाळामास्तर होते. आईवडील लवकर गेल्यावर त्यांनीच बाबांना वाढवलं, अक्षरं शिकवली, आणि पहिल्या नोकरीवर जाताना स्वतःजवळचं हे पुस्तक हातात ठेवलं. लिहिणारा रोमन इतिहासकार, दोन हजार वर्षांपूर्वीचा. जन्मभर बसून त्यानं आपल्या शहराची गोष्ट अगदी पायाभरणीपासून लिहून काढली होती. त्यातले बहुतेक खंड काळाच्या ओघात नाहीसे झाले. उरले त्यांतले काही आमच्या ट्रंकेत होते. त्याचं खरं नाव मी इथं लिहीत नाही, कारण आमच्या घरात त्याला त्या नावानं कुणी हाक मारलीच नाही. आईनं त्याचं नाव 'रोमकर' ठेवलं होतं, आणि तो आमच्याकडे रोमकर म्हणूनच नांदला.

बाबा इंग्रजीतलं एक पान मनात वाचत. ओठ हलत, भुवया वर जात, मग पुस्तक पोटावर पालथं टाकून ते आम्हाला सगळं मराठीत सांगत. मराठी म्हणजे अर्थातच नागपूरची. त्यामुळे रोमचे सेनापती पळणाऱ्या सैनिकांना "अरे, तुम्ही लोकं काय करून राहिले बाप्पा?" असंच ओरडत, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. आईला रोमकर आवडायला कारण वेगळं होतं. तो मूळचा राजधानीचा नव्हे, उत्तरेकडच्या एका गावचा. त्याच्या भाषेला गावाकडचा वास येतो, असं म्हणून राजधानीतले शहाणे त्याला हिणवत. हे बाबांनी सांगितलं तेव्हा आई परातीत कणीक मळत होती, ती थांबलीच. मराठी मंडळाच्या गणपतीत पुण्याकडच्या बायका तिच्या 'येऊन राहिले, जाऊन राहिले'ला तोंडावर पदर धरून हसायच्या, ते तिला फार लागलं होतं. "म्हणजे तो आपलाच आहे नं," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून रोमकरांना आमच्या घरात बहुवचन लागलं.

बाबांचं सगळ्यात लाडकं बोलणं म्हणजे रोमकरांच्या मागे लागलेली लिहिणाऱ्यांची रांग. ते सांगताना त्यांचा आवाज खाली येई. कुणी एक माणूस म्हणे जगाच्या पार दुसऱ्या टोकाहून नुसतं रोमकरांना बघायला आला, आणि बघून तसाच घरी परत गेला. कित्येक शतकांनी एका कवीनं त्यांना पत्र लिहिलं, मेलेल्या माणसाला, तुम्ही हरवलेल्या खंडांत काय लिहिलं होतंत ते आम्हाला कधी कळणार, म्हणून. नाटकं लिहिणाऱ्यांनी त्यांच्याकडून राण्या उचलल्या, राज्यकारभारावर लिहिणाऱ्यांनी डावपेच उचलले, बखरी लिहिणाऱ्यांनी वाक्याची ठेवण उचलली. "पंगत आहे पंगत," बाबा म्हणत. "रोमकर वाढून राहिले, अन् हे सगळे हात धुऊन बसले." मग आमचा खेळ सुरू व्हायचा. मंडळाच्या वाचनालयातून आणलेल्या ऐतिहासिक कादंबरीत लढाईच्या आदल्या रात्री सेनापती लांबलचक बोलायला लागला, की मी ओरडायची, "बाबा, रोमकर आले!" आई म्हणायची, "काहीतरीच तुमचं. आमच्या नागपूरच्या कीर्तनकार बुवांचा राक्षससुद्धा तासभर बोलायचा. तो काय रोमहून आला होता?" बाबा यावर हसत आणि पान उलटत.

पण रोमकरांची खरी करामत पुढे आहे. रोमवर चालून आलेल्या शत्रूचा सेनापती आपल्या सैन्याला काय म्हणाला, हे रोमकरांनी पानंच्या पानं लिहिलंय. आता हे त्यांनी ऐकलं कुठून? तो सेनापती मरून शतकं उलटली होती. रोमकर आपल्या घरात बसून लिहीत होते, लढाया त्यांनी पाहिल्या नव्हत्या. तरी त्यांनी ते भाषण रचलं, आणि असं रचलं की वाचताना आपण शत्रूच्या बाजूला जाऊन उभे राहतो. "शत्रूला वाईट भाषण देणारा माणूस इतिहासकार नाही, तो नुसता चुगल्या सांगणारा शेजारी आहे," असं बाबांचं म्हणणं. यातूनच आमच्या घरात एक रीत पडली. दोघांत वाद झाला, की आधी जागा बदलायच्या. बाबांनी आईच्या मुढ्यावर, म्हणजे वेताच्या बसक्या स्टुलावर, बसायचं, आईनं बाबांच्या वेताच्या खुर्चीत. मग ज्याच्या जागेवर बसलो त्याचं भाषण करायचं, त्याच्याच तोंडानं, मी म्हणून. जमेल तितकं चांगलं करायचं. ऐकणाऱ्याला पटलं, तर त्यानं म्हणायचं, "हेच म्हणायचं होतं मला." तोवर पुढचा शब्द नाही. बैठकीच्या खोलीला रंग कुठला लावायचा, मला सायकल घ्यायची की नाही, सगळं या रीतीनं ठरलं. गंमत अशी की बायको झालेल्या बाबांना स्वतःच्याच खुर्चीकडे बघून "अहो" म्हणावं लागे, आणि नवरा झालेल्या आईला "मी वसंत" असं म्हणावं लागे. उखाण्याबाहेर तिनं नवऱ्याचं नाव घेतलं ते एवढ्याच निमित्तानं. दर वेळी ती आधी लाजायची.

आता आईबद्दल. जयपूरला आल्यावर पहिली काही वर्षं ती नागपूरसाठी झुरली. इथल्या बाजारात सांबार मागितला की भाजीवाला डाळीच्या दुकानाकडे बोट दाखवायचा. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, हे त्याला कोण सांगणार? दूधवाल्याची बोली तिला कळत नसे. घरात ती गोळाभात, म्हणजे बेसनाचे गोळे घातलेला भात, करायची आणि शेजारच्या राठौड आंटी तो खाऊन म्हणायच्या, "भाभीजी, ये तो हमारे गट्टे ही हैं, बस चावल में खो गए." मग एका दिवाळीत राठौड आंटींकडे सांगानेरहून कापड छापणारे गोपालजी कपडा घेऊन आले होते. त्यांनी आमच्या दारातली रांगोळी पाहिली. बराच वेळ पाहत उभे राहिले आणि आईला म्हणाले, "भाभीजी, ये बेल हमें बना के दोगी?" तिथून सुरू झालं. आधी कागदावर नक्षी, मग स्वतः जाऊन ठप्पे कसे कोरतात ते बघणं, मग आठवड्यातून तीन दिवस बस पकडून सांगानेर. लांबच लांब मेजावर पांढरं कापड ताणलेलं, आणि त्यावर शिसवी लाकडाचा ठप्पा रंगात बुडवून उमटवायचा, वरून मुठीनं ठोकायचा. सुटीत मी तिच्याबरोबर जायची. सगळ्या मेजांवरून ठप्प, ठप्प असा आवाज सारखा चालू, बाहेर उन्हात वाळणारी कापडं, आणि माझी आई कमरेला फडकं बांधून मेजाच्या कडेनं हळूहळू सरकतेय. तिची नक्षी संत्र्याच्या फुलांची होती. पाच पाकळ्यांचं फूल, बाजूला कळी, मागे पान. कारखान्यात तिला 'मराठन भाभीजी वाली बेल' म्हणत. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा तिची नखं निळी असायची, आणि त्याच हातांनी ती भाकरी थापायची. बाबा म्हणायचे, "आज भाकरीला आकाश लागलं."

मी कॉलेजच्या उंबरठ्यावर होते त्या उन्हाळ्यात बाबांची बदली झाली. थेट नागपूरला. ज्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं अर्ज केले होते, ते अचानक पदरात पडलं. बाबा पेढे नाही, स्टेशनाजवळच्या हलवायाकडून गरम कचोऱ्या घेऊन आले, चपला न काढताच आत आले आणि म्हणाले, "सरिता, चला घरी." आईनं कचोऱ्या ताटात काढल्या. चटणी वाढली. माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मला नाही जायचं." एवढंच. तिच्या तोंडून असलं वाक्य आम्ही दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं. बाबा चपला घालून तसेच उभे राहिले. मला खूप भीती वाटली, ती अजून आठवते. रंग नि सायकल यांच्या वादात कुणी हरलं तरी घर तेच राहत होतं. या वादात ज्याची हार होईल त्याचं आयुष्यच जाणार होतं.

दोन दिवस तसेच गेले. रविवारी जेवणं झाली, मी पडद्यांवर पाणी मारलं, आणि बाबा उठून मुढ्यावर जाऊन बसले. आई हात पुसत आली. खुर्चीत टेकली. दारातल्या पायरीवर मी.

आधी आई बोलली. "मी वसंत," ती म्हणाली, आणि या वेळी लाजली नाही. "सरिता, अण्णांनी मला अक्षरं शिकवली. आता त्यांना अक्षर दिसत नाही. डोळे जाऊन राहिले त्यांचे, तुला ठाऊक आहे. मी इथं दर रविवारी या पोरीला रोमकर सांगतो, अन् ज्यांनी मला ते पुस्तक दिलं, त्यांना तिकडे कोणी साधा पेपर वाचून दाखवत नाही. बोलता बोलता मी पान उलटतो नं, तेव्हा मला लाज वाटते. मी तुला हे कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू त्याच दिवशी ठप्पे गुंडाळून ठेवले असते, मला माहीत आहे. म्हणून मी अर्ज करत राहिलो अन् चूप राहिलो. आता हुकूम आला, तर मला जाऊ दे. त्यांच्या उशाशी बसून मला हे पुस्तक एकदा पुरं वाचायचं आहे." बाबांनी मान खाली घातली होती. ती वर न करताच ते म्हणाले, "हेच म्हणायचं होतं मला."

मग बाबा बोलले. मुढ्यावर ते मावत नसत, गुडघे छातीशी येत. एरवी आम्ही हसायचो. "अहो," खिडकीच्या ओल्या पडद्याकडे बघून ते म्हणाले, "मी सरिता. नागपुरात मी कोणाची सून होते, कोणाची वहिनी होते, मग पोरीची आई झाले. त्यात मला काही कमी नव्हतं. पण सांगानेरच्या त्या मेजापाशी मी कोणाची कोणीच नसते. नुसता माझा हात असतो. ठप्पा उचलला की खाली फूल असतं, ते घडीभरापूर्वी नव्हतं. तुम्ही म्हणाल, ठप्पे घे नं सोबत. ठप्पे येतील. ते मेज येईल का? ते ऊन येईल का? बाजूच्या मेजावरून 'भाभीजी, रंग गाढा है' म्हणून कोण ओरडेल? तिथे माझे हात नुसती भांडी घासतील. अन् मी तुम्हाला काही म्हणणार नाही. हसून राहीन, चांगली बाई म्हणून राहीन. मला त्याचीच भीती आहे." एवढं बोलून ते थांबले. आता आईनं ते वाक्य म्हणायचं होतं. मी वाट बघत होते. आई खुर्चीतून उठली, "चहा ठेवते," म्हणाली आणि आत निघून गेली. चहा झाला, आम्ही तो प्यालो, पण ते वाक्य काही तिनं म्हटलं नाही. रीत अर्धीच राहिली.

दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसला गेले, आई सांगानेरला. संध्याकाळी आई आधी आली, हातात एक जड कापडी पिशवी होती. ती तिनं पलंगाखाली सरकवली आणि गोळाभात करायला घेतला. बाबा आले, हातपाय धुतले, पानावर बसले, आणि वरून तेल घेता घेता म्हणाले, "मी नाही म्हणून आलो."

"कशाला नाही?"

"बदलीला. वर्ध्याचे एक जण आहेत आमच्यात, त्यांना पाहिजेच होती. साहेबांनी त्यांचं नाव घातलं."

आई वाढायचा चमचा हातात धरून तशीच बसली. मग तिनं तो पातेल्यात ठेवला. "अहो, असं काय करून राहिले तुम्ही? मी काम सोडून आले नं! ठप्पे परत घेऊन आले. पलंगाखाली बघा."

बाबांनी वाकून खरंच पलंगाखाली बघितलं. गच्चीवर मोर ओरडला. आणि मग आधी आई हसायला लागली की आधी बाबा, ते मला सांगता यायचं नाही, पण दोघंही अशी हसत सुटली की आईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते थांबेना, आणि ते हसण्याचं राहिलं नाही हे तिघांनाही कळलं. रोमकरांना वाचून आजवर जगात पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही केलं असेल. पण एकमेकांचं भाषण इतकं मनावर घेऊन दोघांनीही आपापलं राज्य सोडून द्यावं, असला वेडेपणा आमच्याच घरात होऊ शकत होता. "रोमकरांनी दोन्ही फौजा पळवल्या," बाबा म्हणाले. "आता मैदानात कोणीच नाही."

तोड आईनंच काढली. पुढच्याच आठवड्यात ती एकटी रेल्वेनं नागपूरला गेली आणि अण्णाकाकांना घेऊन आली. काळा चष्मा, होल्डॉल, आणि तोंडानं अखंड तक्रार. इथलं पाणी जड, हवा कोरडी, भात कडक. पण संध्याकाळी अंगणात बाज टाकली, बाबांनी लाल पुस्तक उघडलं, की काका गप्प होत. त्यांना सगळं पाठ होतं. मधेच म्हणत, "एक वाक्य गाळलंस, वसंता." बाबांनी खरंच गाळलेलं असे. आई पिशवी घेऊन पुन्हा सांगानेरला गेली तेव्हा गोपालजी म्हणाले, "ठप्पे कोई घर ले जाता है, भाभीजी? बर्तन हैं क्या? लाओ इधर." मेज तिथंच होतं. काका आमच्याकडे काही हिवाळे राहिले, आणि पुस्तक पुरं व्हायच्या थोडं आधी गेले. शेवटची पानं बाबांनी तरीही मोठ्यानं वाचली, रिकाम्या बाजेशी बसून.

यात बाबांनी जे गमावलं ते मला मोठेपणी कळलं. एकदा नाही म्हटल्यावर नागपूर त्यांना पुन्हा कुणी दिलं नाही. ते जयपुरातच निवृत्त झाले, जयपुरातच गेले. हंगामात नागपूरहून संत्र्यांची करंडी यायची. ते फोडी आम्हाला वाटायचे आणि सालं कितीतरी वेळ हातात धरून बसायचे. तेव्हा आई त्यांच्याजवळ जाऊन नुसती बसायची. मी पुढे ऐतिहासिक कादंबऱ्या लिहू लागले. टीकाकार कधीमधी कुरकुरतात, की या बाईंचा शत्रू नायकापेक्षा चांगला बोलतो. मी त्यांना काय सांगणार? पंगतीत शेवटच्या पानावर मीही बसले आहे, आणि माझ्या पानात रोमकरांनी जे वाढलं ते बाबांच्या हातून वाढलं.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी ते आईला वाचून दाखवलं. ती आता माझ्याजवळ असते, वैशाली नगरच्या फ्लॅटमध्ये. खाली रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट, मोर इथे फारसे येत नाहीत. तिचे हात कापतात, पण अंगावरच्या चादरीवर बोट फिरवून ती अजून पाकळ्या मोजत असते. कचोऱ्यांपाशी हसली. काकांच्या चष्म्यापाशी 'च्' केलं. बाबांचं भाषण आलं तेव्हा तिनं हात वर करून मला थांबवलं.

"हे असं नव्हते म्हणाले ते."

"आई, मी पायरीवर बसले होते. मला शब्दन् शब्द आठवतो."

"कुठला आठवतो तुला! ते इतकं कधी बोलले बाप्पा? 'अहो, मी सरिता' म्हणाले. 'तिथे माझे हात नुसती भांडी घासतील' म्हणाले. पुढे काहीच नाही बोलले. नुसते त्या पडद्याकडे बघत राहिले. बाकीचं सगळं तू घातलंस."

मी कागदांकडे बघत राहिले. इतकी वर्षं ते भाषण मी ऐकत आले होते, बाबांच्या आवाजात, त्यांच्या गुडघे वर घेऊन बसण्यासकट. मी म्हटलं, "मग खोडून टाकू का?"

आईनं डोळे मिटले. मला वाटलं, तिला झोप लागली. मी दिवा बारीक करायला उठले.

"राहू दे," ती म्हणाली. "पुन्हा वाच तेवढं."

मी पुन्हा वाचलं. मेज, ऊन, रंग, भांडी, चांगली बाई, सगळं. या वेळी तिनं मधे थांबवलं नाही. वाचून झाल्यावर तिनं माझा हात हातात घेतला, आणि डोळे न उघडता म्हणाली, "हेच म्हणायचं होतं मला."